अन्नपूर्णाबाईचा नेम

अन्नपूर्णाबाईचा जगात दोघांवरच भरवसा होता. एक देव्हाऱ्यातला बालाजी आणि दुसरं तिचं स्वतःचं नाक. बाकी सगळं संशयात. दूध आलं की आधी हुंगणार, मग बोट बुडवून नखावरचा थेंब न्याहाळणार. तेलणीनं तेल मापलं की मापाचं बूड चाचपून पाहणार, कुठं आत दाबलंय का म्हणून. दारात कोणी येऊन साधा रामराम केला, तरी हिच्या मनात पहिलं येणार ते हेच, हा काऊन आला असन?

तिचे यजमान भगवंतराव म्हणजे अगदी गरीब गाय. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या अलीकडच्या त्या गावात बऱ्यापैकी शेती, चार माणसांत मान. ते म्हणायचे, "तुले सरगात नेलं तरी तू आधी दार वाजवून पाह्यशील, लाकूड सागाचं हाय का बाभळीचं." लोक हसायचे. पण खोटं कशाला बोला, दहांतून पाच वेळा बाईचा संशय खरा निघायचा, आणि तेच तर वाईट होतं. आपलं नाक चुकत नाही असं माणसाला एकदा वाटलं, की मग ते कुठं खुपसावं याला धरबंध राहत नाही.

त्यांच्या परसात विहिरीला लागून एक कागदी लिंबाचं झाड होतं. पातळ सालीची, रसानं टच्च भरलेली लिंबं, आणि काटे असे की हात घातला तर रक्त काढल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्या घराचं पान या झाडाशिवाय हलत नसे. उन्हातून कोणी आलं की सरबत. घसा धरला की आल्याचा रस, मध आणि लिंबू. पोट फुगलं की काळं मीठ लावलेली फोड. न्हाणं असलं की शेवटच्या तांब्यात चार थेंब, केस मऊ राहतात म्हणून. वरणावर तर रोजच. पिळून उरलेली सालही वाया जायची नाही, तिला मीठ लावून तांब्या-पितळेची भांडी घासायची. दिवाळीच्या उटण्याला मात्र संत्र्याची वाळकी साल लागते. ती अन्नपूर्णाबाई बाजारातून आणायची, अर्थात हुंगून.

आणि लिंबाचा खरा भोक्ता म्हणजे तिचा एकुलता एक लेक इंद्रभान. लिंबाशिवाय त्याचा घास उतरत नसे. लोणच्याच्या बरणीपाशी लहानपणी त्यानं आईचा जेवढा मार खाल्ला, तेवढा अभ्यासासाठीही नाही खाल्ला.

तो इंद्रभान त्या साली श्रावणात धरला गेला. जंगल सत्याग्रहाचे दिवस होते. सरकारी राखीव रानातलं गवत कापायचं आणि सरकारला म्हणायचं, घे धरून. इंद्रभाननं विळ्यानं मूठभर गवत कापलं, पोलिसानं त्याच्या हातातला विळा घेतला आणि साहेबानं वर्षाची सजा ठोकून त्याला अकोल्याच्या तुरुंगात धाडलं. बातमी आली तेव्हा अन्नपूर्णाबाई चुलीपुढे होती. ती रडली नाही. उठली, पाय धुतले, देव्हाऱ्यापुढे जाऊन पदर पसरला आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बालाजी, माहा इंद्रभान सुखरूप घरी येईस्तोर मी आंबट, फळ आन् हिरवा पाला तोंडाले लावणार नाही. नेम मोडला त माह्या लेकाले माह्यापासून तोडजो."

आता असं शेवटचं वाक्य कोणी देवापुढे बोलतं का? पण ती बोलून बसली. तेव्हापासून तिचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, दूध आणि तूप. ताकही आंबट म्हणून बंद. परसातल्या झाडाकडे तर ती पाहतही नसे. घरात बाकीच्यांनी खावं असं ती म्हणाली होती, पण तिच्यासमोर लिंबू कापायची हिंमत कोणाला होणार? भगवंतरावांनीही आपणहून सोडून दिलं. लिंबं झाडावरच पिवळी होऊन गळायला लागली.

सून होती वच्छला. थेट देऊळगाव राजाहून आणलेली, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून. इतक्या लांबून केलेली सून हाच मुळात अन्नपूर्णाबाईला संशयाचा विषय होता. तिकडच्या माणसाचं बोलणं जालन्याकडचं. आपण "मले" म्हणावं तर ती "मला" म्हणणार. सासूला वाटायचं, ही मनातल्या मनात आपल्याला हसते. पोरगी बिचारी हसत नव्हती, फारशी बोलतही नव्हती. आणि न बोलणाऱ्या माणसाइतकं संशयी माणसाला दुसरं काहीच डाचत नाही.

मार्गशीर्षात मुलाखतीची परवानगी मिळाली. नांदुऱ्यापर्यंत छकडा, तिथून आगगाडी, असे तिघं अकोल्याला गेले. जाळीच्या पलीकडे इंद्रभान उभा. वाळलेला, पण डोळे हसरे. आई बोलत सुटली, तो नुसता तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. शिपायानं "चला" म्हटल्यावर त्यानं वच्छलाला खुणेनं जवळ बोलावलं आणि जाळीला तोंड लावून घाईघाईनं काहीतरी कुजबुजला. बराच कुजबुजला. अन्नपूर्णाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

गाडीत तिनं विचारलं, "काय म्हणे थो तुले?"

"काही नाही, आत्याबाई. तुमच्याकडं लक्ष दे म्हणाले."

"एवढंसं सांगाले एवढा वखत लागला?"

वच्छला खिडकीबाहेर पाहत राहिली. झालं, तेवढं पुरेसं होतं.

त्याच सुमारास अन्नपूर्णाबाईचं अंग दुखायला लागलं होतं. जिना चढताना धाप लागायची, पिंढऱ्यांवर जांभळे डाग उठले, भाकर चावली की हिरड्यांतून रक्त यायचं. तोंडाला चव म्हणून राहिली नाही. तिला पहिला संशय आला तो भाऊबंदांचा, म्हणजे करणी. दुसरा संशय जेवणाचा. कोणीतरी ताटात काहीतरी कालवतंय. ती पहिला घास मांजराला घालू लागली. मांजर तुपातली भाकर खाऊन चांगलं गलेलठ्ठ झालं आणि बाई मात्र वाळत चालली.

शेवटी भगवंतरावांनी जळगाव जामोदहून वैद्यबुवा आणले. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "आंगात उष्णता भिनली. आंबट सोडलं हे बेस केलं बाई." आणि मुळ्यांची पुडी देऊन रोज काढा घ्यायला सांगितला. वच्छला चटकन पुढं झाली, "काढा मी करत जाईन."

एवढा पुळका काऊन? अन्नपूर्णाबाईनं पहिला काढा मांजरापुढे ठेवला. मांजरानं वास घेतला आणि तोंड वळवून चालतं झालं. मांजराचं काही चुकलं नाही म्हणा, काढा होताच तसला. मग बाई काढा उकळताना स्वतः चुलीपाशी बसू लागली. पुडीतून काय पडतं, पाणी कोणत्या घागरीचं, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहायची. एकदा काढा उतरवला की तो निवायला माजघरात ठेवायचा, आणि निवल्यावर वच्छला वाटी आणून द्यायची. बाई नाक दाबून एका दमात गिळायची.

आणि गुण आला! पौष सरता सरता हिरड्यांचं रक्त थांबलं. डाग विरले. बाई जिना चढून माडीवर जाऊ लागली. "वैद्याच्या हाताले यश हाय," असं सगळ्यांना सांगत तिनं त्यांना पायलीभर डाळ आणि तुपाचा गडवा पाठवला. आयुष्यात तिनं बिनसंशयाचं असं कोणाला काही दिलं असेल तर ते हेच.

पण तब्येत सुधारली तसं नाकही सुधारलं. एका सकाळी पूजेला बसली आणि ताम्हण उचलताच थबकली. ताम्हण लखलखत होतं. हुंगलं. लिंबू! ज्या घरात लिंबू कापलं जात नाही, त्या घरात ताम्हणाला लिंबाचा वास?

ती तडक परसात गेली. झाडाच्या खालच्या फांद्या रिकाम्या. वरची लिंबं तशीच, हाताला येणारी तेवढी गायब. राखेच्या ढिगात काठी घातली तर खाली पिळून, घासून काळ्या पडलेल्या साली. पुरलेल्या! लपवून खाल्लं नसतं तर पुरलं कशाला असतं?

आधी तिनं गड्याला, कडूबाला धरलं. "लिंबं तू तोडतं का बे?"

कडूबानं दोन्ही हात कानाला लावले. "माय, तोंडात दात दोन. लिंबू पाह्यलं त तेबी शिवशिवतात. मले काऊन लागतात लिंबं?"

मग उरलं कोण? अन्नपूर्णाबाई ओट्यावर बसली आणि एकेक गोष्ट आठवू लागली. गेल्या महिन्यापासून वच्छलाचं तोंड उतरलेलं. भाजी वाढली की "नको" म्हणते. भाकर दुधात कुस्करल्याशिवाय खात नाही, तीही अर्धीच. काम करता करता भिंतीला हात लावून उभी राहते. संक्रांतीला शेजारणींनी बोरं दिली तर ओटीतून काढून तशीच मांजरापुढे टाकली, एक चाखलं नाही. चारचौघीत आंबटाला शिवायचं नाही आणि मागून लिंबं ओरपायची. हे नाटक कोणापासून?

अन्न नको, थकवा, आणि चोरून आंबट. बाईमाणसाला यापुढे काय सांगावं लागतं? लेक श्रावणापासून तुरुंगात, आणि सुनेला आता माघात डोहाळे!

कोण असेल, म्हणून तिनं गावातला एकेक पुरुष मनातल्या मनात उभा करून पाहिला. एक म्हातारा, एक आंधळा, एक देवमाणूस, एकही बसेना. पण संशयाला माणूस लागतो थोडाच! तिला राग आला, आणि रागाच्या तळाशी भीती होती. उद्या इंद्रभान दारात उभा राहील, हसेल, आणि त्याला काय दाखवायचं? पोरानं गवताच्या एका मुठीपायी सजा भोगली, आणि घरी त्याच्या इज्जतीची अशी राख?

भगवंतराव ऐकून पांढरे पडले. म्हणाले, "आधी इचार त तिले."

तिनं आधी पाळत ठेवली. दुसऱ्याच दिवशी दुपारी वच्छला झाडाखाली दिसली, पदरात दोन लिंबं, मनगटावर काट्याचा ओरखडा.

"कोणासाठी तोडून राह्यली?"

वच्छलानं लिंबं पदरात गुंडाळली.

"तू खातं का?"

"नाही, आत्याबाई. मी लिंबाला तोंड लावलं नाही. बालाजीची शपथ."

"देवाची खोटी शपथ! तुह्या पोटात काय हाय, सांग."

वच्छलाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "तसं काही नाही हो. तुम्ही असं कसं बोलता?"

"मंग लिंबं कायले पायजे?"

यावर मात्र ती गप्प. शिव्या ऐकल्या, रडली, पण गप्प. अन्नपूर्णाबाईनं त्याच दिवशी देऊळगाव राजाला तिच्या बापाला, उत्तमरावांना, कार्ड टाकायला लावलं: लेकीला येऊन घेऊन जा. इंद्रभान येण्याच्या आत ही इथून गेलेली बरी. एकदा गेली की तिला या घराचा उंबरा पुन्हा दिसणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं, वच्छलालाही.

उत्तमराव फाल्गुन लागता लागता आले. मोटार, आगगाडी, छकडा, सगळं करून थकलेला धिप्पाड माणूस. ओट्यावर बसले, पाण्याला शिवले नाहीत. "काय झालं, ईनबाई?"

अन्नपूर्णाबाईनं राखेतल्या साली सुपात भरून ठेवलेल्याच होत्या. सूप त्यांच्यापुढे आदळलं. "हे पाहा. तुमच्या लेकीले इचारा, हे कायचे डोहाळे हायत."

उत्तमराव सुपावर वाकले, एक साल उचलून पाहिली. मग लेकीकडे वळले. "वच्छे, बोल. एक शब्द बोल. तो मी यांच्या तोंडावर मारतो."

वच्छलानं सासूकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं. "बाबा, माझ्याकडून काही वावगं झालं नाही. जास्त मला सांगता येत नाही."

बापाची मान खाली गेली. "कपडे बांध," ते म्हणाले.

ती आत गेली. कपडे काही तिनं बांधले नाहीत. ती काढ्याची वाटी घेऊन बाहेर आली आणि रोजच्यासारखी सासूपुढे धरली. "एवढा घ्या. उद्यापासून काढा निवल्यावर..." आणि तिथंच अडली.

अन्नपूर्णाबाईनं वाटीकडे पाहिलं. आज ही चालली. जाता जाता मनात काय घेऊन चालली, कोणी सांगावं? आज तर आपण काढा उकळताना पाहिलाही नाही.

"आधी तू पे," ती म्हणाली.

वच्छला मागं सरली. "मी नाही पिणार."

"पाह्यलं का इवाई? पाह्यलं? स्वतःच्या हातचं पेत नाही!"

"पी ना पोरी," उत्तमराव काकुळतीला आले. "काय आहे त्यात? एक घोट घे आणि तोंड बंद कर यांचं."

तिनं मान हलवली. "बाबा, मला चालत नाही."

उत्तमरावांनी लेकीच्या हातातली वाटी ओढून घेतली आणि घटाघटा रिकामी केली. भगवंतराव "अहो, अहो" करत उठले. उत्तमरावांनी तोंड वाकडं केलं, मिशा पुसल्या, जीभ टाळूला लावून पाहिली.

"कडू जहर आहे," ते म्हणाले. "आणि आंबट. लिंबू पिळलंय यात."

अन्नपूर्णाबाई मग उठली ती वाघिणीसारखी. "लिंबू? माह्या काढ्यात? कवापासून?"

"पौषापासून."

"माहा नेम मोडला तू! सटवे, माह्या लेकाच्या जिवावर धरलेला नेम! मी देवाले काय बोलली होती, ठाऊक होतं ना तुले?"

"ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही," वच्छला रडत रडत म्हणाली, आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "त्या दिवशी जाळीपाशी त्यांनी तुमच्या ओठाला रक्त पाहिलं. मला म्हणाले, मायले तेच झालं जे इथं आमाले झालं. हिरड्या सुजतात, पायाला डाग येतात, आणि तसंच राहू दिलं तर माणूस उठत नाही. तुरुंगात डॉक्टरानं सगळ्यांना रोज लिंबू द्यायला लावलं, पंधरवड्यात बरे झाले. म्हणाले, मायले लिंबू दे, कसंही दे, पण सांगू नको. ती मरन, नेम मोडणार नाही."

"मंग मोडलाच ना तू!"

"नाही मोडला." वच्छलानं डोळे पुसले. "मी देवापुढं बोलले, आत्याबाईंच्या पोटात जाईल त्याचा दोष त्यांना नको, त्यांचा नेम आजपासून माझ्याकडं. त्या दिवसापासून मी आंबट खाल्लं नाही, फळ खाल्लं नाही, पाला खाल्ला नाही. घरात नेम एक दिवस खंडला नाही. तो काढा मी कसा पिऊ?"

नको म्हटलेली भाजी, मांजरापुढे टाकलेली बोरं, दुधात कुस्करलेली भाकर, भिंतीला टेकलेला हात, सगळं अन्नपूर्णाबाईला दिसलं, आणि या वेळी ते जसं होतं तसं दिसलं. ती पुढं झाली. सुनेची हनुवटी धरली. "तोंड उघड."

"राहू द्या..."

"उघड म्हणतो ना!"

वच्छलानं ओठ विलग केले. हिरड्या जांभळ्या, सुजून दातांवर आलेल्या. रडताना ओठ चावला होता तिथून रक्त झिरपत होतं. अगदी तेच, जे मार्गशीर्षात आरशात तिनं स्वतःचं पाहिलं होतं. तिनं या घरातलं दूध हुंगलं होतं, तेल हुंगलं होतं, राख उकरली होती. या पोरीच्या तोंडात मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

अन्नपूर्णाबाई परसात गेली. इतक्या महिन्यांनी तिनं त्या झाडाला हात लावला, आणि काट्यांनी कोपरापर्यंत ओरबाडलं. ओचाभर लिंबं घेऊन ती आली, विळीवर बसली, एक चिरलं. एक फोड आपल्या तोंडात घातली आणि सालीसकट चावली. दुसरी वच्छलाच्या ओठांशी धरली.

वच्छलानं तोंड फिरवलं. "आत्याबाई, नेम... ते अजून यायचे आहेत."

"नेम माहा होता. मीच मोडून राह्यली, माह्या हातानं, सगळ्यायच्या देखत. देवाले काय सांगायचं ते मी सांगन. तुह्यावर काही येत नाही. चोख." आणि मग आवाज फुटला तिचा. "चोख वं माय. तुह्या पाया पडतो."

वच्छलानं फोड तोंडात घेतली. सुजलेल्या हिरड्यांना रस असा झोंबला की ती कळवळली, पण सासूनं तिचं डोकं छातीशी धरून ठेवलं होतं. भगवंतराव उठले, उत्तमरावांची पिशवी उचलून खुंटीला अडकवली आणि कडूबाला छकड्याचे बैल सोडायला सांगितले.

त्यानंतर अन्नपूर्णाबाईला रात्रंदिवस एकच धास्ती होती. नेम मोडला, बालाजी आपला शब्द धरून बसला तर? वाटेवर पाखरू हललं तरी ती दाराशी धावायची. पण रोज सकाळी लिंबू कापताना तिचा हात अडला नाही. आधी सुनेला, मग स्वतःला.

फाल्गुन सरत आला तेव्हा सरकारचा आणि काँग्रेसचा समेट झाला, आणि सजा पुरी व्हायच्या आतच सगळे सुटले. इंद्रभान दारात उभा राहिला. अन्नपूर्णाबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपून पाहिलं, खरंच तो आहे ना म्हणून. तो पाया पडायला वाकला तशी तिनं त्याला मध्येच धरलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वच्छलाकडे वळवलं.

"माह्या पाया मंग पड," ती म्हणाली. "नेम मी बोलली होती. पाळला तिनं."